हाच तुमचा, बाकीचे परत ठेवा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, जे आपल्या क्लबचेही अध्यक्ष आहेत कारण निवडणुकीला दुसरं कुणी उभंच राहत नाही. आपल्याला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही हे पहिल्याच वाक्यात कबूल करून सभा जिंकणारे प्रमुख पाहुणे. ज्यांच्या परवानगीशिवाय या हॉलमधला पंखाही फिरत नाही ते आपले खजिनदार. आज निवृत्त होत असलेले सत्कारमूर्ती, ज्यांना सगळा क्लब ‘उस्ताद’ म्हणतो आणि मी एकटी ‘भावोजी’ म्हणते. पहिल्या रांगेत मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन बसलेली माझी थोरली बहीण. आणि जेवणाच्या टेबलांवर एक डोळा ठेवून दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडे बघणाऱ्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी दातांची डॉक्टर आहे. माझ्यासमोर बसलेला माणूस तोंड उघडतो, पण त्याला बोलता येत नाही, आणि दोघांच्या वाटचं मीच बोलते. ही सवय पाच मिनिटांत आवरणारी नाही, तेव्हा घड्याळं खिशात ठेवलेली बरी.

पाहुण्यांसाठी आधी थोडं सांगते. साहेब, गोल्फमध्ये लोखंडी डोक्याच्या ज्या काठ्या असतात त्यांना आम्ही आयर्न म्हणतो. ते दोन जातींचे. एक ओतीव, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतलेले. हे कडक आणि सोशिक. बॉल कुठेही लागला तरी सांभाळून घेतात, एखाद्या सालस सुनेसारखे. दुसरे घडीव. तापवलेल्या मऊ लोखंडाचा तुकडा ठोकून ठोकून बनवलेले. हे काही लपवत नाहीत. बॉल बरोबर मध्यावर लागला तर हाताला काही कळतच नाही, लोण्यातून सुरी जावी तसं. आणि जरा बाजूला लागला, की कोपरापर्यंत अशा झिणझिण्या येतात की माणसाला आपली सगळी पापं आठवतात.

आता शहाण्या माणसानं काय करावं? ओतीव घ्यावेत आणि सुखानं म्हातारं व्हावं. पण माणसाला बरं खेळता यायला लागलं की सुख बोचायला लागतं. मग त्याला घडीव हवे असतात. त्यातही पाठ सपाट, पातं बारीक, मध्याचा टापू नखाएवढा, असे. ते आपल्याला झेपतील का, हा प्रश्न त्याला पडत नाही. ते शेजारच्याच्या बॅगेत आहेत का, एवढाच पडतो. इथे बसलेल्या किती जणांनी आपली बॅग मुद्दाम दारातून दिसेल अशी उभी केली आहे, ते मी येताना पाहिलं आहे. नावं घेत नाही. माझीही तिथेच आहे.

अशा माणसांना त्यांच्यापासून वाचवणं, हे भावोजींचं काम. प्रॅक्टिसच्या मैदानाला लागून असलेली ती खोली तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. एक बाक, शिकंजा, वाकवायचं यंत्र, आणि मैदानाकडे उघडणारा सरकता दरवाजा. गिऱ्हाईक आलं की भावोजी प्रत्येक आयर्नवरच्या कंपनीच्या शिक्क्यावर कागदी टेप चिकटवायचे. खाली कोरलेल्या आकड्यावरही टेप. कारण आकडा जितका लहान तितका बॉल लांब, आणि हल्ली पाचाचा कोन देऊन त्यावर सात आकडा कोरतात. बॉल लांब जातो, गिऱ्हाईक हरखतं, घरी जाऊन बायकोला सांगतं की माझं सातचं आयर्न बघ कुठे पोचलं. भावोजींच्या खोलीत ही थापेबाजी बंद. टेप लावलेले सगळे नमुने टॉवेलवर मांडायचे, आणि मारा म्हणायचं. स्वतः पाठ फिरवून, डोळे मिटून उभे राहायचे. नुसतं ऐकायचे. लोखंडाला बॉल लागतो त्या एका आवाजावरून त्यांना कळायचं, मध्यावर बसला की पात्याच्या टाचेवर, माणूस आयर्न चालवतोय की आयर्न माणसाला. बराच वेळ असं चालायचं आणि मग डोळे उघडून म्हणायचे, “हाच तुमचा. बाकीचे परत ठेवा.”

त्यावर चर्चा नाही. सर्वोच्च न्यायालय.

माझं सांगते. मी तेव्हा बायकांचा कप नुकताच जिंकला होता, त्यामुळे जमिनीपासून चार बोटं वर चालत होते. भावोजींना म्हटलं, “मला पातळ पात्याचा सेट हवाय. घरचं माणूस आहे, उगाच टेप-बिप लावत बसू नका.” त्यांनी टेप लावली. डोळे मिटले. मी घाम निघेपर्यंत मारलं. मग म्हणाले, “मेहुणीबाई, दहातले तीन फटके गोड आहेत. उरलेल्या सातांचं काय करू, उपटून टाकू? दवाखान्यात असंच करता का?”

मला दिला तो सेट सगळा घडीव, पण छोटे आयर्न पातळ आणि लांबचे जरा भरीव, पाठीत खोबण असलेले, म्हणजे लांबच्या फटक्याला चूक झाली तरी पोटात घालतील. माझी उंची बेताची, म्हणून एकेक शिकंज्यात धरून, वाकवून, बॉलशी जरा आडवा बसेल असा केला. मऊ लोखंडाचा हाच गुण. ते वाकवता येतं. ओतीव वाकवायला जावं तर कधी कधी काडकन मोडतं. मी महिनाभर भावोजींशी बोलले नाही. शेवटी ताईनं दोघांना एका टेबलावर बसवलं आणि म्हणाली, “तुमच्या काठ्यांपायी माझं घर मोडू नका.” तो सेट अजून माझ्याकडे आहे. दारात उभी आहे ती बॅग त्याचीच.

आता मूळ मुद्द्याला येते. अध्यक्षमहाराज, मघाशी आपण फार सुंदर बोललात. ‘उस्तादांच्या कानाला तोड नाही’ म्हणालात. पुढे म्हणालात की असा कान पुन्हा होणे नाही, म्हणून उस्तादांच्या पाठोपाठ ती खोलीही आपण सन्मानानं बंद करणार, आणि तिथे मसाजच्या खुर्च्या येणार. टाळ्या पडल्या. खजिनदारांच्या जरा जास्तच जोरात पडल्या.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. का, तेवढंच सांगायला उभी आहे.

मित्रहो, तो कान गेली चार वर्षं बंद आहे.

थांबा, थांबा. मी चहाडी करत नाहीये. भावोजींना विचारून बोलते आहे. ते म्हणाले, “सांग, पण मी समोर बसलेलो असताना सांग. मागून नको.” तर ते समोर बसले आहेत. ऐकू येत नाही, ही वेगळी गोष्ट. कानातलं यंत्र खिशात आहे. ते लावलं की स्वतःच्या कॉलरचा आवाज येतो आणि माणसांचा येत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. बघा, हसताहेत. माझं तोंड हलतंय म्हणजे मी काहीतरी आगाऊपणा करत असणार, एवढं त्यांना अनुभवानं कळतं.

मला हे कसं कळलं? एका दुपारी मी माझा सेट तपासून घ्यायला गेले. मऊ लोखंड मारून मारून आपसूक हलतं, म्हणून ते वर्षातून एकदा जागेवर आणावं लागतं. भावोजी म्हणाले, मारून दाखव. मला दुर्बुद्धी सुचली. कोपऱ्यात एक जुनाट ओतीव आयर्न पडलं होतं, ते उचललं आणि मुद्दाम टोकावर मारलं. पत्र्याच्या डब्यावर दगड पडावा असा आवाज झाला. शेजारी सराव करणारे दोघे दचकून वळले. पूर्वीचे भावोजी असते तर त्यांनी ते माझ्या हातातून हिसकावलं असतं. हे शांत. डोळे उघडे, आणि नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. मग म्हणाले, “छे, हा नको.”

उत्तर बरोबर होतं, पण यायला उशीर झाला होता. मी त्यांच्या मागे गेले आणि हळूच म्हटलं, “भावोजी, तुमची पँट मागून उसवली आहे.” काही नाही. साहेब, जगात असा पुरुष नाही जो या वाक्यावर हात मागे नेत नाही.

मग त्यांची नजर होती तिकडे मी बघितलं. मी मारत होते त्या जागेच्या मागे, भिंतीशी, स्टुलावर ताई बसली होती. हातात सुया, मांडीवर लोकर, आणि हसू दाबून ओठ पांढरे पडलेले.

ताईबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती ‘उस्तादांच्या मिसेस, त्या विणतात’ एवढीच माहीत आहे. तिचा फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्राला, नोकरीच्या अर्जाला, लग्न जमवायला, अर्ध्या गावानं तिच्यासमोर हनुवटी खाली केली आहे. पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओत माशा मारायची वेळ आली. दुकान बंद केलं त्या दिवशी तिनं किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “तूच टाक कुठेतरी. मला टाकवणार नाही.” मला त्या दिवशी रडू आलं. तिला आलं नाही, ती घरी जाऊन जेवली आणि झोपली, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. घरात भिंती खायला उठतात म्हणून ती भावोजींच्या खोलीत येऊन बसायला लागली. गोल्फवर तिचा राग आहे. एवढी हिरवळ आणि एकही गाय नाही, हे तिचं मत ती अजून बदलायला तयार नाही.

आणि याच सुमाराला भावोजींचे कान जायला लागले. आधी पक्षी गेले, मग फोन गेला, मग बॉल गेला. सांगतात कुणाला? ताईला सांगितलं, कारण तिला आधीच कळलं होतं. त्या दुपारी मी विचारलं, लपवलंत का? आता हे गुपित होतं, पण बहिऱ्या माणसाशी गुपित ओरडूनच बोलावं लागतं. आम्ही दार लावून घेतलं आणि तिघंही घसा फोडून कुजबुजलो. भावोजी म्हणाले, “लोक इतक्या लांबून माझ्या कानासाठी येतात. कान गेला म्हटल्यावर मी कोण? आयर्न विकणारा आणखी एक म्हातारा.” हे ते मोठ्यानं म्हणाले, कारण आपण किती मोठ्यानं बोलतो ते त्यांना कळत नाही. एवढ्या मोठ्या आवाजात एवढं केविलवाणं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

मग निवड कोण करत होतं? सुया. ताई गिऱ्हाइकाच्या मागे, जरा बाजूला, त्याचं तोंड दिसेल अशी बसायची, भावोजी समोर. ताई विणतेय तोवर, नाही. सुया थांबल्या, की हाच तुमचा.

मी ताईला म्हटलं, “अगं, तुला लोखंडाचा आवाज कळतो?”

ती म्हणाली, “मला डोंबलाचा कळतोय! मी तोंडं बघते. फोटोला बसलेला माणूस आधी तोंड करतो. मी थांबायचे. मग एक क्षण येतो, तो कॅमेरा विसरतो. तेव्हा बटण दाबायचं. तुमचे हे खेळाडू तसेच. पातळ काठीनं बरा फटका बसला, की बॉल कुठे गेला ते सोडून आधी आजूबाजूला बघतात, कुणी पाहिलं का म्हणून. ती काठी त्यांची नव्हे. जिनं मारून झाल्यावर कुणाकडे न बघता माणूस मुकाट पुढचा बॉल ओढतो, ती त्याची.”

तर गेल्या चार वर्षांत ज्यांनी ज्यांनी उस्तादांच्या दैवी कानाच्या भरवशावर सेट घेतले, आणि इथे निम्मे तेच बसले आहेत, त्या सर्वांना हे कळवण्यात मला अत्यंत आनंद होत आहे की तुमचे घडीव आयर्न स्वेटर विणता विणता निवडले गेले. ज्यांना परत करायचे असतील त्यांनी हात वर करा. कोणी? मागच्या टेबलावर? नाही, ते वाढप्याला बोलावताहेत.

अध्यक्षमहाराज, आपलाही त्यातलाच. आपण आलात तेव्हा मी तिथेच होते. आपल्याला बाजारातलं सगळ्यात बारीक पातं हवं होतं, कारण गेल्या मोसमात आपल्याला हरवणाऱ्या गृहस्थांकडे ते होतं. आपण हातात घेतलं, दोन फटके वाकडे गेले, तिसरा देखणा बसला. आपण उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. माळ्याकडेसुद्धा बघितलं. सुया चालू. मग भावोजींनी टेप लावलेला दुसरा नमुना दिला, पाठीला थोडी खोबण, तळ जरा रुंद. आपण एक मारला आणि मान वर न करता दुसरा बॉल पायानं पुढे घेतला. मग आणखी एक. आपल्याला वाटलं उस्तादांचे डोळे आवाजानं चमकले. मघाशी भाषणातही तसंच म्हणालात. ते डोळे सुयांवर होते. सुया थांबल्या, भावोजी म्हणाले हाच तुमचा, आणि त्याच मोसमात तुम्ही कप घेतलात.

आणि त्याच कपाच्या समारंभात आपण उस्तादांच्या कानावर असे काही बरसलात, की भावोजींना तो घास गिळवेना. ऐकू काही आलं नाही, पण सगळे उठून त्यांच्याकडे बघत टाळ्या वाजवताहेत हे दिसलं. घरी आले आणि ताईला म्हणाले, “आता खोटं फार झालं. मी राजीनामा देतो.” तुम्ही ज्याला वयोमान समजता, ते हे आहे. माणूस थकलेला नाही. हात बघा त्यांचे. आजही पात्यावरचा बॉलचा डाग बघून, आयर्न शिकंज्यात धरून, केसाएवढं वाकवून देतात. डोळे धड, हात धड. जे गेलं आहे त्याची सोय घरातल्या घरात झाली होती, तेवढंच.

खजिनदार म्हणतील, हल्ली यंत्रं आहेत. आहेत, आणि ती चांगली आहेत. आणा एक, ताईच्या स्टुलाशेजारी ठेवू. बॉल किती गेला, किती उंच गेला, ते यंत्र सांगेल. पण माणूस स्वतःशी किती खोटं बोलतोय, ते सांगणारं यंत्र अजून निघायचं आहे. निघालं तर आपल्या कार्यकारिणीवर त्याची पहिली चाचणी घ्यावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. खोली बंद करू नका. पाटीवर दोघांचं पद लिहा, निवड ताईची आणि घडण भावोजींची. माझ्या बहिणीनं एका दुकानाला कुलूप लावलेलं आहे. दुसऱ्याला लावायला लागलं, तर या वेळी ती किल्ली मी घेणार नाही.

अध्यक्षमहाराज, हा ठराव नाही, बैठक नाही, फक्त प्रश्न आहे. खोली की खुर्च्या?

पाहुण्यांकडे बघू नका, ते आत्ताच जागे झाले आहेत. खजिनदारांकडेही बघू नका. बघताहात. सभागृहाकडेही बघून झालं का? बघा. मी थांबते. दवाखान्यात मी भूल चढेपर्यंत थांबतेच.

हं. आता खाली बघताहात, स्वतःच्या हातांकडे. आणि मान हलवली. हलवली ना? सर्वांनी पाहिलं. “राहू दे खोली” म्हणालात? जरा माईकमध्ये... नको, पुरे. म्हणालात.

मंडळी, जरा पहिल्या रांगेत बघता का? आजच्या सगळ्या भाषणांत, अध्यक्षांच्या, पाहुण्यांच्या, माझ्यासुद्धा, त्या सुया एकदाही थांबल्या नव्हत्या. आता बघा.

काय, भावोजी? अहो बसा, बसा. बरं, उभे राहा. काय म्हणालात? परत म्हणा, मागच्यांना ऐकू द्या.

ऐकलंत सगळ्यांनी? “हाच तुमचा. बाकीचे परत ठेवा.”

मी काय विचारलं, अध्यक्षांनी काय कबूल केलं, यातला एक शब्दही त्यांच्या कानावर गेलेला नाही. त्यांनी फक्त माझ्या ताईचे हात बघितले.

आता माझ्याच्यानं पुढे बोलवणार नाही, आणि तुमच्यानं उपाशी बसवणार नाही. अध्यक्षांची ऋणी आहे, खोलीसाठी आणि खुर्चीतून न उठल्याबद्दल. पाहुण्यांचे आभार, त्यांनी झोपही सभ्यपणे घेतली. खजिनदारांचेही, खुर्च्यांची ऑर्डर रद्द करतील म्हणून आगाऊ. जीभ घसरली असेल, कुणाच्या बॅगेला लागलं असेल, तर लहान बहीण समजून सोडून द्या. भावोजींची माफी मी इथे मागत नाही. ती घरी जाऊन मागेन, ओरडून.